निकाल, प्रवेश आणि पालक : घरातली दोन घड्याळं



मे-जून आला की दहावी-बारावीच्या घरात दुसरा विषयच नसतो. निकाल कधी, सीईटीचा स्कोअर किती, मागच्या वर्षी कटऑफ कुठे थांबला होता, पहिली यादी कोणत्या तारखेला. कोणतं कॉलेज चांगलं, हे सांगणारे लेख आणि व्हिडिओ भरपूर आहेत. हा पाठ थोडा वेगळा आहे. हवं ते मिळालं नाही, तर आई-वडिलांनी काय करायचं, याचा विचार आपण करणार आहोत.

आधी मुख्य मुद्दा सांगतो. प्रवेशाच्या दिवसांत घरात दोन घड्याळं चालू असतात. एक मुलाच्या मनाचं. धक्का बसला की त्याला सावरायला दिवस लागतात, आणि ते किती हे कुणाला सांगता येत नाही. दुसरं घड्याळ प्रवेश प्रक्रियेचं. तिथे अमुक तारखेला संध्याकाळी लिंक बंद म्हणजे बंद.

अडचण इथेच होते. काही घरांत मुलगी रडत असतानाच "आधी फॉर्म भर" म्हणून तिला मोबाइलसमोर बसवतात. काही घरांत "राहू दे, शांत होऊ दे तिला" म्हणता म्हणता तारीख निघून जाते. दोन्हीकडे प्रेमच आहे, पण नुकसानही दोन्हीकडे होतं. उपाय असा, की तारखांचं घड्याळ काही दिवस पालकांनी स्वतःच्या हातात घ्यायचं. मग मुलाला मनाच्या घड्याळासाठी वेळ मिळतो.

हे प्रत्यक्षात कसं करायचं, ते पाहू.

१) आकडा आधी समजून घ्या

मुलाला काही बोलण्याआधी आपल्याला आकडा कळलाय का, हे तपासा. सगळ्यात मोठा घोळ होतो तो टक्के आणि पर्सेंटाइल यांत.

एमएचटी-सीईटी अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. म्हणून तिथे पर्सेंटाइल देतात. ८५ पर्सेंटाइल म्हणजे ८५ टक्के गुण नव्हेत. त्या सत्राला बसलेल्या दर १०० जणांपैकी ८५ जणांचे गुण तुमच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता साधं गणित करू. समजा एकूण एक लाख मुलं परीक्षेला बसली.
• ९५ पर्सेंटाइल : पुढे साधारण ५,००० मुलं
• ८५ पर्सेंटाइल : पुढे साधारण १५,००० मुलं

यातून दोन गोष्टी कळतात. एक, ८५ पर्सेंटाइल मिळवणारं मूल 'ढ' नाही, ते बहुतेकांच्या पुढेच आहे. दोन, तरीही नावाजलेल्या कॉलेजात मोजक्याच जागा असल्यानं तिथला कटऑफ त्याच्या हाती लागणार नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मुलानं अभ्यास केला नाही असं यातून सिद्ध होत नाही. जागा कमी आणि मागणारे जास्त, एवढंच सिद्ध होतं.

बारावीचे गुणही विसरू नका. अभियांत्रिकीला सीईटी चांगली असूनही बारावीत भौतिकशास्त्र, गणित आणि तिसरा विज्ञान विषय मिळून किमान ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांसाठी ४० टक्के. म्हणजे ३०० पैकी १३५ किंवा १२०. सीईटीच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष झालेली मुलं इथे अडकतात.

२) पहिले दोन दिवस : कमी बोला, जवळ राहा

निकालाच्या दिवशी मुलाला उपाय ऐकू येत नाही. त्याच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत असतो, 'आता घरच्यांना मी कसा वाटतोय?' त्याचं उत्तर तो आपल्या चेहऱ्यावर शोधतो.

ही वाक्यं टाळा :
• "एवढे पैसे ओतले क्लासला, त्याचं हे फळ?"
• "काकांच्या मुलाला बघ, त्याचं झालं ना."
• "तरी मी सांगत होतो, मोबाइल बाजूला ठेव."
• "जाऊ दे, काही होत नाही." (हे चांगल्या मनानं म्हटलं जातं. पण मुलाला वाटतं, माझं दुःख यांना दिसतच नाही.)

त्याऐवजी असं म्हणता येईल :
• "वाईट वाटतंय ना? मलाही वाटतंय. बस माझ्याजवळ."
• "आज काही ठरवायचं नाही. तारखा मी बघते, तू जेवून घे."
• "तुला बोलावंसं वाटेल तेव्हा बोल. मी आहे."

पाहुण्यांच्या फोनचंही आधीच ठरवून ठेवा. "किती पडले?" हा प्रश्न दिवसभरात दहा वेळा येतो. फोन आपण घ्यायचा आणि शांतपणे सांगायचं, "निकाल लागलाय, प्रवेशाचं चाललंय, ठरलं की कळवतो." मुलाला न विचारता मार्कशीटचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. गुण कमी असोत वा जास्त, निकाल त्याचा आहे.

३) तारखांचं घड्याळ : हे काम पालकांचं

मूल सावरत असताना पालकांनी एक वही करावी. पहिल्या पानावर सगळ्या तारखा : नोंदणी, कागदपत्र पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकत घेण्याची मुदत, पसंतीक्रम भरण्याची मुदत, प्रत्येक फेरीचा निकाल, प्रवेश निश्चितीचा शेवटचा दिवस. नियम दरवर्षी थोडे बदलतात. म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नका, त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

दुसऱ्या पानावर कागदपत्रं : शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, आणि लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जातवैधता, नॉन-क्रिमीलेअर. जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत नसेल तर राखीव जागेवरचा हक्क हातचा जाऊ शकतो. गुण असूनही कागदामुळे जागा जाणं, यासारखं दुःख नाही. म्हणून हे काम अकरावीतच हाती घ्या.

गुणांबद्दल खरंच शंका असेल तर बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. यालाही मुदत असते. छायाप्रत आली की विषयशिक्षकांना दाखवा. रागाच्या भरात अर्ज करू नका आणि निराशेच्या भरात सोडूनही देऊ नका.

४) पसंतीक्रम : निर्णय कुणाचा?

इथे मात्र घड्याळ परत मुलाच्या हातात द्यायचं. त्या वर्गात रोज बसणार आहे तो, आपण नाही.

पसंतीक्रम भरताना एक गैरसमज नेहमी आडवा येतो. 'वर मोठं कॉलेज टाकलं आणि ते मिळालं नाही, तर खालचंही जाईल.' असं होत नाही. जागावाटप गुणवत्ता क्रमांकानुसार होतं. तुमचा नंबर आला की तुमच्या यादीतलं वरून पहिलं जे शिल्लक असेल, ते मिळतं. म्हणून यादी खऱ्या आवडीच्या क्रमानं भरा. वरती थोडी अवघड, मध्ये शक्यतेतली, खाली नक्की मिळतील अशी कॉलेजं ठेवा. आणि मिळालं तरी घेणार नाही असं कॉलेज यादीत घालूच नका. पहिल्या क्रमांकाबद्दल विशेष काळजी घ्या. अकरावी असो वा अभियांत्रिकी, पहिली पसंती मिळाली की ती घ्यावी लागते. नाकारली तर पुढच्या नियमित फेऱ्यांची दारं बंद होतात.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातली एक मुलगी आहे. तिला पुण्यात कॉम्प्युटर हवं होतं. मिळतंय ते असं : जवळच्या शहरात इलेक्ट्रॉनिक्स, नाहीतर लांबच्या नव्या कॉलेजात कॉम्प्युटर. बाबा म्हणतात, "जवळचं घे, शनिवार-रविवार घरी येशील." आई म्हणते, "तिला कॉम्प्युटर हवंय ना, मग जाऊ दे." मुलगी गप्प.

अशा वेळी मत देण्याआधी प्रश्न विचारा :
• कॉम्प्युटरमधलं तुला नेमकं काय आवडतं? प्रोग्रामिंग, की सगळे घेतात म्हणून?
• दोन्ही शाखांचा पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम आपण एकदा पाहूया का?
• त्या कॉलेजात शिकणाऱ्या एखाद्या ताई-दादाशी बोलूया का?
• हॉस्टेल, मेस आणि प्रवास धरून चार वर्षांचा खर्च किती होतो?

शेवटचा प्रश्न बरेच पालक टाळतात. पैशांची मर्यादा मुलांपासून लपवली जाते आणि ऐनवेळी 'नाही जमणार' सांगितलं जातं. मुलाला वाटतं, माझे गुण कमी म्हणून हे मागे हटले. त्यापेक्षा यादी भरण्याआधीच सांगा, "आपल्याला वर्षाला इतकं झेपतं. त्याच्या आतलं काहीही तू निवड." सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ही गोष्ट कळते. ती सांगितल्यानं आपण त्यांच्या नजरेतून उतरत नाही.

याच ठिकाणी सरकारी सवलतीही पाहून ठेवा. २०२४-२५ पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. पहिल्या फेरीत नाव आलं नाही म्हणून घाबरून मॅनेजमेंट कोट्यातली जागा घेतली, तर ही सवलत मिळत नाही. पुढच्या फेरीची वाट पाहण्याचं धैर्य इथे पैशांतही मोजता येतं.

५) रस्ता चुकला की वळण आहे?

हवी ती जागा हुकली की मुलाला वाटतं, सगळं संपलं. त्याला समजावण्यापेक्षा पुढचे रस्ते कागदावर मांडून दाखवा.

• दहावीत एक-दोन विषय राहिले : एटीकेटीतून अकरावीला प्रवेश मिळतो. पुरवणी परीक्षाही निकालानंतर लगेचच्या काळात होते.
• बारावीत गुण कमी : श्रेणीसुधार योजनेत पुन्हा परीक्षा देता येते.
• अभियांत्रिकी पदवी हुकली : दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, किंवा बारावी विज्ञाननंतर थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमा झाला की पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट आहे.
• बी.फार्म. हुकलं : दोन वर्षांचं डी.फार्म. करून बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं.
• बीसीए, बीबीएकडे वळायचं : यासाठीही २०२४ पासून राज्यात सीईटी आहे. हे वेळेत माहीत हवं.

आणि वर्ष ड्रॉप घ्यायचं का? नीटला किती वेळा बसायचं यावर मर्यादा नाही. जेईई अॅडव्हान्स्ड मात्र लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. पण नियम परवानगी देतो म्हणून ड्रॉप घ्यायचा नसतो. तीन प्रश्न विचारा. कमी काय पडलं, हे मुलाला नेमकं सांगता येतंय का? पुढच्या वर्षी अभ्यासाची पद्धत काय बदलणार? आणि पुन्हा नाही झालं तर पुढे काय, हे आजच ठरलंय का? तिन्हींची उत्तरं मुलाकडून आली तर विचार करा. उत्तरं आपणच देत असू, तर तो ड्रॉप मुलाचा नाही, आपला आहे.

६) इथे वाट पाहू नका

चार-आठ दिवस उदास राहणं स्वाभाविक आहे. पण मूल जेवत नसेल, झोपत नसेल, मित्रांचे फोन घेत नसेल, आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोललं, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं ठेवू नका. "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?" असं सरळ, मायेनं विचारा. विचारल्यानं असा विचार मनात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला जागा मिळते. डॉक्टर किंवा समुपदेशकाला लगेच गाठा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. अशा वेळी प्रवेशाची तारीख गेली तरी चालेल. दोन घड्याळांतलं एक थांबवायची वेळ आली, तर कोणतं थांबवायचं याबद्दल मनात शंका नको.

पालकांसाठी गृहपाठ

१. निकालाआधीच मुलाला एकदा स्पष्ट सांगा : "आकडा काहीही आला तरी त्या दिवशी आपण सगळे एकत्र जेवणार."
२. तारखा आणि कागदपत्रांची वही आजच सुरू करा.
३. वर्षाला किती खर्च झेपेल, हे दोघांनी बसून ठरवा आणि मुलाला सांगा.
४. मुलाला त्याच्या आवडीची पाच कॉलेजं किंवा पाच शाखा कारणांसह लिहायला सांगा. तो लिहीत असताना मध्ये बोलू नका.
५. स्वतःला एक प्रश्न विचारा : मला वाईट वाटतंय ते मुलाची संधी हुकली म्हणून, की चारचौघांत सांगायला कमीपणा वाटतो म्हणून? उत्तर कुणाला सांगायची गरज नाही. पण ते आपल्याला माहीत असलं, की मुलाशी बोलताना आवाज आपोआप खाली येतो.