खोट गाण्यांत नव्हती

गाडीत आपल्याकडची गाणी वाजावीत, एवढीच अपेक्षा होती. त्यापायी कंपनीचा चांगला चालू स्टिरिओ काढला गेला, डॅशबोर्डमागच्या वायरी कापल्या गेल्या, बॅटरी बसली, गाडीच्या इलेक्ट्रिकल कामाची वॉरंटी गेली. वर ऐकून घ्यावं लागलं की खोट माझ्या गाण्यांतच आहे. खोट गाण्यांत नव्हती. ती कशात होती ते आता मला पक्कं ठाऊक आहे, आणि दुकानदाराला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं असा माझा संशय आहे. संशय कसला, खात्रीच आहे.

काही शहाणे विचारतात, एवढा खटाटोप कशाला, मोबाइलवर लावा की गाणी. त्यांनी एकदा आदिलाबादहून उटनूरच्या रस्त्याला लागून पाहावं. इंद्रवेल्लीच्या पुढे गाणं मध्येच थांबतं आणि स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत राहतं. नागपूरकडे निघालात तर पैनगंगा ओलांडल्यावर पिंपळखुटी ते पांढरकवडा, टिपेश्वरच्या जंगलाच्या बाजूला, तीच गत. हैदराबादच्या दिशेला निर्मलचा घाट आहेच. आकाशवाणी आदिलाबाद गावात छान लागतं, पण गाडी लांब गेली की खरखर. माझा धंदा कापसाचा. हंगामात चव्वेचाळीस नंबरचा हायवे हेच घर. गाणी गाडीतच हवीत, टॉवरवर अवलंबून नकोत.

शिवाय माझी अर्धी गाणी कुठल्याच अॅपवर मिळत नाहीत. वडिलांच्या कॅसेटी होत्या. त्यात भीमसेन जोशींचे अभंग, गीतरामायण, नाट्यसंगीत हे तर होतंच. पण गावोगावच्या भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं होती, दिवाळीतल्या गोंडांच्या दंडारी नाचाचे ढोल होते. मारलवाईच्या कनक राजूंना दंडारीतल्याच गुस्साडी नृत्यासाठी २०२१ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा सगळ्यांना दंडारी आठवली. आमच्या टेपा त्याच्या कितीतरी आधीच्या. टेपरेकॉर्डर लॅपटॉपला जोडून, ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर लावून मी त्या एकेक करून उतरवल्या. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, त्यात घाई चालत नाही. तेव्हा ‘गाण्यांत लोचा आहे’ हे ऐकल्यावर माझं टाळकं का सरकलं, ते समजून घ्या.

गाडी घेताना शोरूममधल्या पोराने सांगितलं होतं, ‘यूएसबी आहे सर, सगळं वाजतं.’ वाजवून दाखवलंही. त्याच्याच पेनड्राइव्हवरची तेलुगू सिनेमाची गाणी होती. ती वाजणारच.

पुढे नागपूरला कामासाठी गेलो असताना तिथल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला, घरी येऊन सगळा साठा त्यात भरला आणि गाडीला लावला. स्क्रीनवर ‘नो फाइल’. काढला, पुन्हा लावला; तेच. पुढच्या खेपेला त्याच दुकानात गेलो. मालकाने पेनड्राइव्ह गाडीत घातला, दोन बटणं दाबली आणि मान हलवत म्हणाला, ‘अंकल, आपके गानों में ही लोचा है. टेप से निकाले हैं ना, इसलिए.’ मग लगेच दुसरं टोक: कंपनीचा स्टिरिओ म्हणजे डब्बा, मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड बसवा, सगळं वाजेल. आता गाण्यांत लोचा असेल तर नव्या स्टिरिओवर ती वाजतील कशी, हे मी विचारलं. उत्तर आलं नाही, चहा आला.

तरी शेवटी नवा स्टिरिओ बसवायला मी तयार झालो. एकच अट घातली होती आणि ती दोघातिघांसमोर घातली होती: गाडीची मूळ वायर कापायची नाही. ‘कपलर आहे अंकल, प्लग अँड प्ले, एक वायर कटणार नाही,’ असं मालक स्वतः म्हणाला. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून आकडा लिहून दिला. पक्कं हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला. काम सुरू झाल्यावर ‘पोरं काम करतायत, उन्हात कशाला थांबता’ म्हणून मला आतल्या एसीत बसवलं. तो पाहुणचार कशासाठी होता ते नंतर कळलं.

नवा स्टिरिओ वाजला, हे कबूल. पण गीतरामायण लावलं आणि कपाळावर हात मारून घ्यायची वेळ आली. गदिमा आणि सुधीर फडके यांनी पुणे आकाशवाणीवर १९५५-५६मध्ये वर्षभर, दर आठवड्याला एक, अशी ५६ गाणी दिली ती कथेच्या ओघात. माझ्या गाडीत मात्र राम आधी वनवासात गेला, मग जन्मला, सीतेची अग्निपरीक्षा झाल्यावर तिचं स्वयंवर. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, ‘गाना तो बज रहा है ना?’

मग डिसेंबरात, आमच्याकडे सकाळी हात बाहेर काढवत नाही अशा दिवसांत, गाडी सुरूच होईना. धक्का मारून ती आमच्या इथल्या इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने डॅशबोर्डची पट्टी काढली, टॉर्च मारला आणि मला बोलावलं. ‘दादा, हे बघा तुम्हीच.’ गाडीचा मूळ कपलर कापून बाजूला टाकलेला होता. वायरींची टोकं सोलून एकमेकींना पिळली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती, तीही सुटत आलेली. पिवळी आणि लाल एकत्र बांधून दोन्ही थेट बॅटरीच्या लाइनवर. स्टिरिओच्या वायरींत साधारणपणे पिवळी कायम करंट घेते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला, लाल किल्ली फिरवली की चालू होते, काळी अर्थिंगची. लाल पिवळीला जोडली की किल्ली काढली तरी स्टिरिओ पूर्ण झोपत नाही, रात्रभर बॅटरी पीत राहतो. इलेक्ट्रिशियनने हे मला समजावलं तेव्हा त्या एसीतल्या खुर्चीची आठवण झाली आणि खरं सांगतो, तोंडात जे शब्द आले ते इथे छापता येणार नाहीत.

सर्व्हिस सेंटरने कापलेली वायर पाहिली आणि वॉरंटीच्या कागदावर फुली मारली. नियम असेल त्यांचा. पण तिथल्या साहेबाने ‘बाहेर काम कशाला करून घेता’ हे जे ऐकवलं, ते ज्यांनी ‘सगळं वाजतं’ सांगून गाडी विकली त्यांना ऐकवायला हवं होतं.

खरी गंमत तर पुढे आहे. हैदराबादला इंजिनिअरिंग शिकणारी माझी भाची सुट्टीत आली होती. तिने पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि म्हणाली, ‘मामा, हा एक्सफॅट आहे. तुमचा जुना स्टिरिओ फॅट ३२ मागत असणार.’ गाडीची पुस्तिका काढली. मागच्या पानांवर, मुंगीच्या अक्षरांत, छापलेलं होतं: यूएसबी, फॅट ३२. इलेक्ट्रिशियनने बाजारातून नवा कपलर आणून जुना स्टिरिओ परत जोडून दिला. भाचीने ३२ जीबीच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर तीच गाणी भरली. ‘लोचा’ असलेली गाणी त्या ‘डब्ब्या’वर पहिल्या फटक्यात वाजली. म्हणजे नवा स्टिरिओ, कापाकापी, बॅटरी, सगळं विनाकारण. आणि तो एक्सफॅटचा पेनड्राइव्ह विकला कुणी? त्याच दुकानाने. रोज शंभर गाड्यांच्या स्टिरिओत हात घालणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल, यावर ज्यांना विश्वास ठेवायचा त्यांनी ठेवावा.

आता ज्यांना हे टाळायचं आहे त्यांच्यासाठी.

पेनड्राइव्हवर फायली कशा मांडून ठेवायच्या याच्या पद्धती आहेत. फॅट ३२ ही १९९६च्या सुमाराची, जवळजवळ प्रत्येक कारच्या स्टिरिओला कळते. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये आणली, पण तिच्यासाठी परवाना घ्यावा लागे. तिचा तपशील सर्वांसाठी खुला झाला तो २०१९मध्ये. म्हणून बऱ्याच गाड्यांत ती नाही. ३२ जीबीपेक्षा मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅटमध्येच येतात, आणि बहुतेक विंडोज संगणकांवर नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत मोठ्या ड्राइव्हला फॅट ३२चा पर्यायच दिसत नाही. रुफससारखं फुकट सॉफ्टवेअर ते करून देतं. त्यापेक्षा सरळ ३२ जीबीचाच घ्या. १२८ केबीपीएसचं एमपीथ्री मिनिटाला साधारण एक एमबी घेतं. ३२ जीबीत ५०० तासांहून जास्त गाणी बसतात. एवढा प्रवास मी हंगामातही करत नाही. फॉरमॅट केला की आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी गाणी संगणकावर उतरवून ठेवा.

गाणी एमपीथ्रीमध्येच ठेवा. कॅसेटवरून उतरवलेलं मूळ रेकॉर्डिंग वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये घरी जपा, गाडीसाठी त्याची एमपीथ्री प्रत करा. फ्लॅक सगळ्या गाड्यांना कळत नाही.

क्रमाचं मी डोकं फोडून शिकलो. काही स्टिरिओ नावाच्या अक्षरांप्रमाणे वाजवतात, काही ज्या क्रमाने फाइल पेनड्राइव्हवर लिहिली गेली त्या क्रमाने. दोन्हींची सोय करायची: प्रत्येक नावाच्या आधी ०१, ०२ असा दोन अंकी आकडा इंग्रजी अंकांत लावा (नुसता १ लावलात तर बऱ्याच यंत्रांवर १च्या मागून १० येतो, २ नाही) आणि कोऱ्या पेनड्राइव्हवर एकेक फोल्डर क्रमाने भरा. नंतर मधे एखादं गाणं घुसडलं की दुसऱ्या प्रकारच्या स्टिरिओवर ते शेवटी वाजतं. फॅटसॉर्ट नावाचं सॉफ्टवेअर हा क्रम नीट लावून देतं. गीतरामायण आता कथेच्या ओघातच वाजतं.

देवनागरीतली नावं बऱ्याच स्टिरिओंच्या स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन दिसतात. यंत्रात तो फॉन्टच घातलेला नसतो. मराठी गाण्यांची नावं मराठी माणसाच्या गाडीत रोमन लिपीत लिहावी लागतात, याचा राग मला अजून येतो. पण तसं लिहिलं की दिसतात. गाण्याच्या आत दडलेली नाव-गायकाची माहिती, म्हणजे आयडीथ्री टॅग, एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरने बदलता येते. तिथे आयडीथ्रीची २.३ ही आवृत्ती निवडा, २.४ जुन्या यंत्रांना पचत नाही. मुखपृष्ठाची भलीमोठी चित्रंही काढून टाका, त्यांनी गाणं अडकतं. मॅकवरून गाणी भरली असतील तर प्रत्येक गाण्याची एक न वाजणारी भुताटकी फाइल सोबत येते, ती पुसा.

ब्लूटूथ सोपं आहे, मान्य. पण काही जुन्या यंत्रांत ते फक्त फोनपुरतं असतं, गाणी जात नाहीत. शिवाय आमच्याकडे गाडी अंगणात सुरू झाली की सौभाग्यवतींचा फोन आपोआप जोडला जातो आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मला त्यांचं कीर्तन ऐकावं लागतं. वायरने फोन जोडणार असाल तर वायर डेटाची असावी. स्वस्त वायरींपैकी कित्येक नुसत्या चार्जिंगच्या असतात. गाडीतही दोन यूएसबी असले तर एक कधी कधी फक्त चार्जिंगचा असतो. पेनड्राइव्ह मे महिन्यात डॅशबोर्डवर उन्हात सोडू नका. एक प्रत नेहमी घरी ठेवा.

दुकानात जाताना स्वतःचा भरलेला पेनड्राइव्ह खिशात ठेवा आणि पैसे देण्याआधी तो त्यांच्यासमोर, त्याच यंत्रावर वाजवायला लावा. त्यांचा नको, तुमचा. ‘वायर कापणार नाही’ हे बिलावर लिहून घ्या. काम चालू असताना गाडीजवळ उभे राहा, एसीत बसू नका. काढलेला स्टिरिओ मागून घ्या. मी घेतला होता म्हणून वाचलो. आणि पक्कं बिल घ्या, जीएसटी पडला तरी.

दुकान महाराष्ट्रात, आपण तेलंगणात, मग काय करणार, असं त्या मालकाला वाटलं असेल. फोन उचलणं त्याने बंद केलं ते त्याच भरवशावर. पण २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी बोलताही येतं. वहीचं पान, पैसे दिल्याचा मोबाइलवरचा पुरावा, कापलेला कपलर आणि इलेक्ट्रिशियनने काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. माझी अजून संपलेली नाही.