गोळीची तारीख लिहून ठेव

अगं, हाडांची गोळी सुरू झाली ना, मग पहिलं काम हे कर: सुरू केल्याची तारीख फाईलच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेव. कॅलेंडरवर नको, ते वर्ष संपलं की रद्दीत जातं. मी इतकी वर्षं हाडांच्या वॉर्डात सिस्टर होते. "आजी, ही गोळी कधीपासून घेताय?" असं विचारलं की बहुतेकींचं उत्तर एकच, "झाली की बरीच वर्षं." केमिस्टला रिकामी पट्टी दाखवायची, त्याने नवी द्यायची, असं चाललेलं असतं.

तारीख एवढ्यासाठी हवी की अलेंड्रोनेटच्या जातीची औषधं हाडात मुरतात. घेणं थांबवलं तरी त्यांचा अंश वर्षानुवर्षं तिथे राहतो. हाडाची झीज रोखणं हे त्यांचं काम, आणि ते ती चोख करतात. पण आपलं हाड सतत थोडं झिजून थोडं नव्याने बांधलं जात असतं, त्यातच बारीक तडे बुजतात. झीज फार काळ दाबून धरली की ही डागडुजीही मंदावते. म्हणून गोळीला पाच वर्षं झाली, किंवा वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक ॲसिड घेणाऱ्यांना तीन वर्षं झाली, की डॉक्टरांपुढे बसून पुन्हा विचार करायचा. डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) परत करायची, मधल्या काळात काही मोडलं का ते सांगायचं. धोका कमी असेल तर औषधाला काही काळ सुट्टी देतात. मणका किंवा खुबा आधी मोडलेला असेल तर गोळी दहा वर्षांपर्यंतही चालू ठेवतात. ठरवायचं त्यांनी, पण विषय तू काढायचास.

घाबरून मात्र सोडू नकोस. खुबा मोडून आलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यातल्या कितीतरी पुन्हा पहिल्यासारख्या चालल्या नाहीत. त्या संकटापुढे आता सांगतेय ते दुष्परिणाम फारच विरळा. पण विरळा असले तरी ओळखता यायला हवेत.

आठवड्याच्या गोळीला वार ठरव. तुझा गुरुवार असतोच, तोच धर. सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहाबरोबर नाही, दुधाबरोबर तर नाहीच. मुळात या गोळीचा शंभरातला एक भागही अंगी लागत नाही. दूध किंवा कॅल्शियम मध्ये आलं तर तेवढाही नाही. कॅल्शियमची गोळी दुपारच्या जेवणाबरोबर घे. गोळी घेतल्यावर अर्धा तास काही खायचं नाही आणि लवंडायचंही नाही. महिन्याची इबॅन्ड्रोनेट असेल तर पूर्ण तासभर. बस, चाल, फुलं काढ, पण पुन्हा अंथरुणात शिरू नकोस. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम करते. गिळताना दुखायला लागलं किंवा छातीत नव्याने जळजळ सुरू झाली तर पुढची गोळी न घेता आधी डॉक्टरांना फोन कर. एखादा गुरुवार चुकला तर शुक्रवारी सकाळी घे आणि पुढच्या गुरुवारी नेहमीसारखी. एका दिवशी दोन कधीच नाहीत.

आता मांडीचं नीट ऐक. माझ्या थोरल्या नणंदेची मांडी कित्येक महिने दुखत होती. मांडीच्या मधोमध, बाहेरच्या अंगाला, खोल ठणका. सगळ्यांनी वात म्हटलं, सूनबाई तेल चोळून द्यायची, शेक चालू होता. एक दिवस त्या ओट्याशी नुसत्या वळल्या आणि मांडीचं हाड आडवं, खडू मोडावा तसं, सरळ मोडलं. पडल्या नव्हत्या की कशाला धडकल्या नव्हत्या. ऑपरेशन करून सळई घालावी लागली. दुसऱ्या मांडीचाही फोटो काढला तर तिथेही बाहेरच्या बाजूला हाड जाड होऊन बारीक रेघ आलेली. हे अनेक वर्षं गोळी घेणाऱ्यांत होतं, आणि अमेरिकेतल्या अभ्यासांत आशियाई वंशाच्या बायकांमध्ये ते गोऱ्या बायकांपेक्षा जास्त दिसलं आहे. म्हणून गोळी चालू असताना मांडी किंवा जांघ आठवडा-दोन आठवडे दुखत राहिली तर चोळत बसू नकोस. एक्स-रे काढायला सांग, पूर्ण मांडीचा आणि दोन्ही पायांचा. नुसत्या खुब्याच्या फोटोत ती रेघ सुटून जाते. एक्स-रेत काही दिसलं नाही आणि दुखणं थांबत नसेल तर एमआरआयबद्दल विचार. औषध थांबवलं की हा धोका बऱ्यापैकी लवकर उतरतो, त्यामुळे वेळेवर कळण्याला फार मोल आहे.

दातांचं आधी उरकून घे. दाढ काढल्यावर जखम न भरता जबड्याचं हाड उघडं पडणं, ही तक्रार २००३ पासून नोंदली जाऊ लागली. कॅन्सरसाठी याच औषधांचे मोठे डोस घेणाऱ्यांत ती जास्त दिसते, आपल्या डोसात अगदी क्वचित. तरी डेंटिस्टकडे गेलीस की खुर्चीत बसायच्या आधी गोळीचं नाव सांग. मिश्री लावणाऱ्या बायकांनी तर हिरड्या अगोदर दाखवूनच घ्याव्यात.

वर्षाच्या झोलेड्रोनिक ॲसिडच्या सलाइननंतर दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होऊ शकते. पॅरासिटामॉल घेऊन भरपूर पाणी प्यायचं. त्याआधी क्रिएटिनीन आणि ड जीवनसत्त्व तपासलेलं हवं. मूत्रपिंड फार अशक्त असेल तर ते सलाइन देतच नाहीत.

आणि तुझ्या सासूबाईंना सहा महिन्यांनी देतात ते डेनोसुमॅब. तुझ्या गोळीला सुट्टी असते, त्या इंजेक्शनला नाही. ते हाडात मुरत नाही. डोस चुकला की थोपवून धरलेली झीज एकदम जोर करते आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोकांचे डोस अडकले, तेव्हा हाडांच्या तज्ज्ञ संघटनांनी निक्षून सांगितलं होतं की आधीच्या डोसपासून सात महिन्यांपलीकडे जाऊ नका. बंद करायचंच असेल तर त्याजागी दुसरं औषध सुरू करून. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना त्याने कॅल्शियम धोक्याइतकं खाली जाऊ शकतं. ओठांभोवती मुंग्या आल्या, हातापायात गोळे आले तर त्याच दिवशी दाखवायचं.

सासूबाई लेकीकडे अमेरिकेला सहा महिने राहायला निघाल्यात ना? तिकीट काढण्याआधी इंजेक्शनची तारीख बघ. ती तिकडच्या मुक्कामात येत असेल तर इथल्या डॉक्टरांशी बोलून निघण्याची किंवा परतण्याची तारीख मागेपुढे करा. सामानात मसाले कमी भरलेत तरी चालेल, डोस मात्र चुकवू नका.