कुत्र्याचे पोट बिघडले तर

आमचा मोती शेळ्या राखतो. श्रावणात त्याला हगवण लागली. तो नुसता पडून राहिला. आजी म्हणाली, "आज त्याला भाकरी नगं. पोटाला इसावा द्या." मग आजीने आणि मी भाताचे गोळे केले. ते कसे करायचे ते सांगते.

साहित्य : तांदूळ १ वाटी, लाल भोपळ्याच्या ४ फोडी (साल व बिया काढून), पाणी ३ वाट्या.

कृती : तांदूळ धुऊन भोपळ्यासह मऊ शिजवावा. पळीने घोटावा. पूर्ण गार झाल्यावर लिंबाएवढे गोळे वळावेत.

मीठ, तिखट, तेल घालू नये. कांदा, लसूण तर कधीच नको. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. म्हणून उरलेले कालवण त्याला टाकू नये. दूधही देऊ नये. भात पचायला हलका असतो. भोपळ्यातल्या चोथ्याने पातळ शौच घट्ट होते.

एका वेळी २ गोळे, असे दिवसातून ४ वेळा द्यावे. जवळ स्वच्छ पाणी ठेवावे. मोती तिसऱ्या दिवशी शेळ्यांमागे गेला. मग आम्ही भाकरी थोडी थोडी सुरू केली.

पण शौचातून रक्त पडले, सारख्या उलट्या झाल्या किंवा २ दिवसांत उतार पडला नाही, तर गुरांच्या दवाखान्यात न्यावे. माणसांचे औषध देऊ नये. लहान पिल्लाला लगेच न्यावे, कारण त्याच्या अंगातले पाणी लवकर संपते. पिल्लांना पार्व्हो नावाचा रोग होतो. तो भाताने बरा होत नाही. त्याची लस वेळेवर टोचून घ्यावी.

कुत्र्याची घाण काढल्यावर साबणाने हात धुवा.