धर्मार्थ दौड : तिचें मूळ व तिचा हिशेब

कर्करोगाच्या रुग्णालयास मदत म्हणून दौड काढावयाची असें ठरलें, म्हणजे एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, "पैसेच द्यावयाचे, तर ते तसेच द्यावे, धांवावयाचें कशाला?" प्रश्न उद्धटपणाचा नाहीं. आपण धांवल्यानें दुसऱ्याच्या शरीरांतील गांठ विरघळत नाहीं, हें उघड आहे. परंतु ज्या तरुणाच्या धांवेपासून देशोदेशीं अशा दौडी निघूं लागल्या, त्याची हकीकत पाहिली म्हणजे या प्रश्नाचें उत्तर सांपडतें असें आम्हांस वाटतें.

टेरी फॉक्स याचा जन्म २८ जुलै १९५८ रोजीं कॅनडा देशांतील विनिपेग शहरीं झाला. वाढला तो त्या देशाच्या पश्चिम टोंकास, ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत. बास्केटबॉलचा त्याला विलक्षण नाद. उंची बेताची, म्हणून शिक्षकानें दुसरा खेळ सुचविला. पण यानें हट्ट सोडला नाहीं. पुढें त्याचा उजवा गुडघा दुखूं लागला, आणि मार्च १९७७ मध्यें हाडाचा कर्करोग असल्याचें निदान झालें. तो पाय गुडघ्याच्या वर सहा इंचांवर कापून टाकावा लागला. तेव्हां त्याचें वय अवघें अठरा वर्षांचें होतें.

त्यानंतर केमोथेरपीचे दीर्घ उपचार सुरू झाले. रुग्णालयांत त्यानें आपल्याहून लहान मुलें झिजतांना पाहिलीं. तेथेंच त्याला कळलें कीं आपल्या जगण्याची आशा शेंकडा ५० आहे. दोनच वर्षांपूर्वीं ती शेंकडा १५ होती. विद्यार्थ्यांनीं या दोन आंकड्यांपाशीं क्षणभर थांबावें. मधले ३५ कोठून आले? रोग तोच, रोगीहि तसेच. नवें होतें तें औषधांचें ज्ञान. असें ज्ञान मिळविण्यास वर्षानुवर्षें प्रयोग करावे लागतात, आणि प्रयोगांस पैसा लागतो. तो पैसा आपण जमवावा, असें या मुलानें मनाशीं ठरविलें.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं त्यानें एका मनुष्याची हकीकत वाचली होती. डिक ट्रॉम नांवाचा तो गृहस्थ एक पाय नसतांहि १९७६ सालीं न्यूयॉर्कची मॅरेथॉन पुरी धांवला होता. ती गोष्ट टेरीच्या मनांत घर करून राहिली. १९७९ सालीं प्रिन्स जॉर्ज गांवच्या शर्यतींत तोहि उतरला, आणि सर्वांच्या शेवटीं आला. त्याच्या पुढच्या स्पर्धकानंतर दहा मिनिटांनीं. आमच्या बक्षीससमारंभांत अशा स्पर्धकाचें नांवहि कोणी वाचलें नसतें!

१२ एप्रिल १९८० रोजीं देशाच्या पूर्व टोंकास, सेंट जॉन्स येथें, कृत्रिम पाय अटलांटिक महासागराच्या पाण्यांत बुडवून त्यानें पॅसिफिक महासागराकडे धांवण्यास आरंभ केला. रोज सुमारें २६ मैल, म्हणजे रोज एक मॅरेथॉन! कृत्रिम पाय पुढें येईपर्यंत चांगल्या पायावर एक जादा उडी घ्यावी लागे. त्यामुळें त्याची चाल लंगडी, पण ठेक्याची झाली होती. कापलेल्या पायाला घट्टे पडत, फोड येत, रक्त येई. आरंभीं बघेहि फारसे नव्हते. पण पोर्ट-ओ-बास्क नांवाच्या दहा हजार वस्तीच्या गांवानें दहा हजारांवर डॉलर दिले. माणशीं एक! तेव्हां टेरीनें आपलें ध्येयच बदललें. देशाची लोकसंख्या सुमारें २ कोटी ४० लाख. प्रत्येकाकडून एक डॉलर मिळवावयाचा. थेंबे थेंबे तळें सांचे ही म्हण आपण निबंधांत घालतों. त्यानें तिचा हिशेब मांडला.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. गाडी, इंधन व बूट हें साहाय्य त्यानें घेतलें. पण जे व्यापारी त्याच्याकडून आपल्या मालाची शिफारस करून घेऊं पाहत, त्यांस त्यानें परत पाठविलें.

१४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धांवून झाल्यावर, १ सप्टेंबर १९८० रोजीं, थंडर बे गांवाजवळ खोकला व छातींतील कळा यांनीं त्याला थांबविलें. रोग फुप्फुसांत पसरला होता. फेब्रुवारी १९८१ मध्यें निधि २ कोटी ४१ लाख डॉलरांच्या पुढें गेला. ध्येय पुरें झालेलें त्यानें पाहिलें. २८ जून १९८१ रोजीं, तेविसावा वाढदिवस एक महिन्यावर असतां, तो वारला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. लोकांनीं पैसे धांवण्याबद्दल दिले नाहींत. ज्या रोगाचें नांव घरांत हळू आवाजांत घेतात, रोग्यापुढें तर घेतच नाहींत, तो रोग त्यांच्या दारावरून, आंखूड विजारींतून कृत्रिम पाय उघडा दाखवीत, धांवत गेला. शिवाय मागणाऱ्यानें आधीं स्वतःचें कांहीं खर्चिलें होतें. हात पसरणें आणि हें मागणें यांत फरक आहे, तो येथें.

१३ सप्टेंबर १९८१ रोजीं त्याच्या नांवाची पहिली दौड झाली. ३ लाख लोक आले व ३५ लाख डॉलर जमले. या दौडींत पहिला नंबर नाहीं, बक्षीस नाहीं. चालणाऱ्यास, चाकांच्या खुर्चीवरून येणाऱ्यासहि मुभा. ही चाल आपल्या देशांतहि आली. चेन्नईच्या आय. आय. टी.च्या आवारांत निघालेल्या टेरी फॉक्स दौडीचे पैसे अड्यारच्या कर्करोग संस्थेस संशोधनासाठीं मिळाले. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची धाकटी बहीण या रोगानें गेली. त्या दुःखांतून त्यांनीं उभारलेली ही संस्था १९५४ सालीं अवघ्या १२ खाटांनिशीं सुरू झाली. आपल्याला जवळचें असें परळचें टाटा स्मारक रुग्णालय त्याहून जुनें, १९४१ सालचें. लांबलांबच्या गांवांहून तेथें येणाऱ्या रोग्यांस औषधाइतकीच पंचाईत असते ती राहण्याजेवणाची; उपचार अर्ध्यावर सोडण्याचें तें एक कारण होतें.

शाळेनें अशी दौड काढावयाची झाल्यास सदरे, फलक व पदकें यांचा मोह प्रथम आवरावा. जमलेल्या पैशांतून छापील सदरे वाटले, तर रोग्याच्या वाट्याचें आपण अंगांत घातलें असें होतें. मैदानाच्या दर फेरीस अमुक पैसे द्यावयाचे असें शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आधीं लिहून घ्यावें, फेऱ्या शिक्षकांनीं मोजाव्या, रक्कम दोन पालकांसमक्ष मोजून पावती द्यावी, आणि जमाखर्च शाळेच्या फलकावर लावावा. त्याच्याहि आधीं रुग्णालयास पत्र घालून विचारावें : पैसे औषधांस हवे, कीं रोग्यांच्या नातलगांच्या निवाऱ्यास, कीं संशोधनास? उत्तर हातीं आल्यावर, त्यांतलें वाक्य पावतीवर घालून, मगच पुस्तकें छापावयास द्यावीं.