तीन सिलिंडर, पण धावतात दोनच

प्रश्न : माझी १९९६ची कार्बोरेटरवाली मारुती ८०० पावसाळ्यात सकाळी धक्के देते. इंजिन उघडावे लागेल का?

उत्तर : इतक्यात मुळीच नाही! ओलाव्याने त्रास वाढतो, म्हणजे आधी संशय इग्निशनवर. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून कोरडी पुसा, आत काळी बारीक रेघ दिसली तर कॅप बदला. रात्री बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. प्लगच्या वायरींवर ठिणग्या चमकल्या तर करंट तिथेच गळतो आहे. मग इंजिन बंद करून प्लगांची अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेला, तर फक्त प्लग खराब. तिथेच राहिला आणि वायरही चांगली असेल, तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन तपासून घ्या. त्याआधी कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू देऊ नका.