एका स्वरलिपीतून दुसरीत : भातखंडे, पलुसकर आणि संगणक

संगणकावर लिहिलेले संगीत एका कार्यक्रमातून (म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो त्यातून) दुसऱ्यात नेताना काय बिघडते, हा प्रश्न वरकरणी पाश्चात्त्य संगीताच्या विद्यार्थ्यांचा वाटतो. पण मुंबईत, त्यातही गिरगाव-दादरच्या पट्ट्यात ज्यांनी गाणे शिकले त्यांना तो शंभर वर्षांचा जुना आहे. संगणक नव्हता एवढेच. एका पद्धतीने लिहिलेली बंदिश दुसऱ्या पद्धतीच्या वाचकाच्या हाती पडली की काय होते, याचा अनुभव घराघरांतल्या वह्यांना आहे.

ह्या दोन पद्धती एकाच शहरात, जवळजवळ एकाच काळात नांदल्या. विष्णु नारायण भातखंडे १८६० साली वाळकेश्वरी जन्मले. शिक्षणाने वकील, परंतु आयुष्य खर्ची घातले ते उस्तादांकडून चिजा मिळवून त्या छापण्यात. त्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सहा भागांत मराठीत निघाली. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले, १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आले. सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली आणि पुढे कर्जापायी गेली. त्यांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी १९२५ साली गिरगावातच ‘स्कूल ऑफ इंडियन म्यूझिक’ सुरू केले. म्हणजे वाळकेश्वरपासून चालत जाता येईल एवढ्या टापूत दोन लिप्या, दोन शिष्यशाखा आणि दोन प्रकारची छापील पुस्तके. आजही गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्यांना दोन्हींचा परिचय करून घ्यावा लागतो. आपल्यापैकी बहुतेकजण तो परीक्षेपुरता करून घेतात, हे येथे नमूद करण्यास हरकत नसावी.

आता चिन्हांकडे वळू. लेखाचा गाभा तोच आहे.

भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असले तर तो तार सप्तकातला, पायाशी टिंब असले तर मंद्रातला. पलुसकर पद्धतीत डोक्यावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते आणि तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ देतात. भातखंड्यांकडे हीच उभी रेघ मध्यमावर आली की तो तीव्र मध्यम होतो. पायाखालची आडवी रेघ भातखंडे पद्धतीत कोमल स्वराची खूण. पलुसकर पद्धतीत ती एका मात्रेची खूण आहे, आणि कोमल स्वर हलन्तासारख्या तिरप्या फटकाऱ्याने दाखवला जातो. स्वराखालची कमान भातखंडे पद्धतीत ‘एवढे स्वर एका मात्रेत’ असे सांगते, तर पलुसकर पद्धतीत एका स्वराखालची लहान कमान ‘पाव मात्रा’ असे सांगते. शून्य भातखंड्यांच्या ठेक्यात खालीचे. पलुसकरांच्या स्वराखाली ते अर्ध्या मात्रेचे. आणि सर्वांत घातकी जोडी ही : भातखंडे समेला गुणिले चिन्ह (×) देतात आणि पलुसकर खालीला अधिक चिन्ह (+) देतात. शाईच्या पेनाने घाईत लिहिलेल्या वहीत ह्या दोहोंत किती फरक उरतो, ते ज्याने त्याने आपली वही काढून पाहावे.

चिन्हे तीच आणि अर्थ निराळे, ही परिस्थिती चिन्हेच निराळी असण्यापेक्षा वाईट असते. अनोळखी चिन्ह दिसले तर वाचक थांबतो, विचारतो. ओळखीचे दिसले तर तो थांबत नाही.

उदाहरणादाखल यमनातली एक साधी ओळ घेऊ. मंद्र निषाद, रिषभ, गंधार, तीव्र मध्यम, धैवत, निषाद आणि शेवटी तार षड्ज. भातखंडे पद्धतीत पहिल्या निषादाखाली टिंब, मध्यमावर उभी रेघ, अखेरच्या षड्जावर टिंब. ही ओळ पलुसकर पद्धतीत वाढलेल्या माणसाने (अथवा त्या पद्धतीसाठी बसवलेल्या यंत्राने) वाचली, तर निषादाखालचे टिंब निरर्थक ठरून तो मध्य सप्तकात येतो; गंधारानंतर गायक एकदम तार सप्तकातल्या शुद्ध मध्यमावर उडी घेतो, परत धैवत-निषादावर उतरतो आणि शेवट मंद्र षड्जावर करतो. एकही अक्षर बदललेले नाही. तीव्र मध्यम मात्र नाहीसा झाला आणि त्याबरोबर यमनही.

उलट दिशेने वाचणे त्याहून गमतीचे. पलुसकर पद्धतीत बहुतेक स्वरांखाली एक मात्रेची आडवी रेघ असते. ती भातखंडे पद्धतीने वाचली तर रिषभ, गंधार, धैवत, निषाद सारेच कोमल होऊन बसतात. बिलावल लिहिणाऱ्याची भैरवी होते. परंतु येथे ओळखण्याची एक खूणही मिळते. षड्ज आणि पंचम कधी कोमल होत नाहीत. तेव्हा अनोळखी वहीत ‘सा’ आणि ‘प’ यांच्याखालीही रेघ दिसली, तर ती वही पलुसकर परंपरेतली आहे, असे समजून पुढे वाचावे. तसेच ठेक्याच्या ओळीत त्रितालाला ×, २, ०, ३ असे असेल तर भातखंडे. १, ५, +, १३ असे असेल तर पलुसकर. एवढी परीक्षा केल्याखेरीज जुनी वही संगणकावर चढवण्यास घेऊ नये.

दोन पद्धतींतला खोल फरक चिन्हांचा नसून काळ मोजण्याच्या रीतीचा आहे. भातखंडे पद्धत म्हणजे चाळीतल्या खोल्या : मात्रेच्या खोल्या आधी आखलेल्या, प्रत्येकीत एक, दोन, तीन किंवा चार स्वर राहतात आणि भाडेकरू वाढले तरी खोली मोठी होत नाही. पलुसकर पद्धतीत प्रत्येक स्वर आपला काळ आपल्याबरोबर घेऊन फिरतो. पाश्चात्त्य पाच रेघांची लिपी ह्या बाबतीत पलुसकरांच्या बाजूची आहे. तिथेही प्रत्येक स्वराच्या आकारातच त्याची लांबी असते.

संगणकांमध्ये संगीताची देवघेव करण्यासाठी जे सर्वमान्य रूप आज वापरतात त्याचे नाव म्यूझिक-एक्सएमएल. मायकेल गुड यांनी ते तयार केले, पहिली आवृत्ती २००४ साली आली आणि चौथी २०२१ साली. फिनाले, सिबेलियस, डोरिको, म्यूझस्कोर हे कार्यक्रम आपापल्या घरच्या भाषेत काहीही लिहोत, परस्परांशी बोलताना ते ह्या भाषेत बोलतात. ह्यातही प्रत्येक स्वराला स्वतंत्र कालमान द्यावे लागते आणि ते शक्यतो पूर्णांकात. भातखंडे पद्धतीतून येणाऱ्याने म्हणून आधी गणित करावे. बंदिशीत कुठे एका मात्रेत दोन, कुठे तीन, कुठे चार स्वर असतील, तर मात्रेचे बारा भाग पाडावे. मग दोन स्वरांना सहा-सहा, तिघांना चार-चार, चौघांना तीन-तीन भाग मिळतात आणि अपूर्णांक शिल्लक राहत नाही. कमानीखाली ‘सा - - रे’ असे असेल, तर षड्जाला नऊ आणि रिषभाला तीन. आठ स्वरांची तान असेल तर मात्रेचे चोवीस भाग घ्यावे लागतील. हे कार्यक्रम आपण होऊन करतातही, पण चुकले कुठे हे शोधायचे असेल तर गणित आपल्याला आले पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मिडी आहे की. मिडी हे रूप १९८३ पासून आहे आणि त्याचा उपयोग वाजवण्यासाठी आहे, वाचण्यासाठी नव्हे. त्यात स्वर म्हणजे पेटीच्या पट्टीचा क्रमांक. मधला पाश्चात्त्य ‘सी’ म्हणजे ६०. षड्ज कुठला, हे त्या क्रमांकांत नाही. गायिका काळी चारला गात असेल आणि गायक काळी एकला, तर एकाच बंदिशीचे आकडे निराळे येतात आणि त्यांवरून पुन्हा सरगम काढायची तर ‘सा’ बाहेरून सांगावा लागतो. म्हणून म्यूझिक-एक्सएमएलमध्ये नेतानाही पुष्कळजण ‘सा’ म्हणजे ‘सी’ असे धरून लिहितात आणि खरी पट्टी वर शब्दांत नोंदवतात. हीच रीत मला बरी वाटते.

तालाचे हाल याहून अधिक होतात. रेघांच्या लिपीत विभाग दाखवण्यास उभ्या रेघा आहेत. रूपकाचे तीन, दोन, दोन असे भागही दाखवता येतात. परंतु खाली ही कल्पना तिच्यात नाही. तिथे रेघेनंतरची पहिली मात्रा म्हणजे जोराची मात्रा. रूपकात आपण समेलाच खाली धरतो, हे तिला समजावून सांगण्याची सोय नाही. त्रितालातल्या कित्येक मध्यलयीच्या चिजा नवव्या मात्रेपासून उठतात. कागदावर पहिला लिहिलेला स्वर हा पहिली मात्रा, असे दुसऱ्या कार्यक्रमाने धरले, तर सम आठ मात्रा सरकते आणि मुखडा ज्या अक्षरावर येऊन पडायचा तिथे खाली येते. सुरुवातीच्या आठ मात्रांना ‘अपुरे आवर्तन’ म्हणून खूण करण्याची सोय म्यूझिक-एक्सएमएलमध्ये आहे. ती करावी आणि समेच्या स्वरावर शब्दांत ‘सम’ असेही लिहावे. शब्द सहसा टिकतात.

मींड आणि कणस्वर यांचे भाग्य बेताचेच. कणस्वराला रेघांच्या लिपीत लहान, काळ न खाणारा स्वर असे रूप आहे, तो बहुधा सुखरूप पोहोचतो. मींडेची कमान मात्र तिकडे ‘स्वर न तोडता म्हणा’ एवढेच सांगते. सरकत जाण्यासाठी निराळे चिन्ह आहे, पण ते घेणारा कार्यक्रम राखीलच असे नाही.

येथे मुंबईच्या चित्रपटसृष्टीची आठवण होणे अपरिहार्य आहे. गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून रेघांची लिपी शिकून आलेले वादक आणि संयोजक (सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड ही त्यांतली काही नावे) अनेक वर्षे हेच लिप्यंतर हाताने करीत होते. संगीतकार पेटीवर गुणगुणे, सरगम सांगे. संयोजक त्यावरून व्हायोलिनच्या ताफ्याला रेघांचे कागद लिहून देई. त्या कागदांवर वाद्यवृंदाचे सारे असे, गायकाच्या हरकती नसत. त्या समोर बसून शिकवल्या जात. काय लिहायचे आणि काय तोंडी सोडायचे, हे त्यांना ठाऊक होते. संगणकाला ते ठाऊक नसते.

पुष्कळ विद्यार्थी ह्या भानगडीत न पडता सरळ देवनागरीत सरगम टंकतात. तेही चांगले, परंतु तिथे एक निराळी अडचण आहे. तार षड्जासाठी आपण ‘सां’ लिहितो तेव्हा संगणकाच्या लेखी तो अनुस्वार असतो. मंद्र निषादाखालचे टिंब म्हणजे ‘क़’, ‘ज़’ ह्या अक्षरांखालचा नुक्ता. कोमलाची आडवी रेघ आणि तीव्राची उभी रेघ ह्या युनिकोडमध्ये वेदपाठातल्या स्वरचिन्हांच्या जागेवरून उसन्या घेता येतात. आकार तेच आहेत. मात्र ह्या उसनवारीमुळे एका यंत्रावर रेघ नीट बसते, दुसऱ्यावर बाजूला घसरते. आणि युनिकोडपूर्व टंकांत लिहिलेली पाने तर, तो टंक यंत्रात नसला, की रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग होऊन समोर येतात.

कार्यक्रमांचे आयुष्य वह्यांपेक्षा कमी असते, हेही विसरू नये. फिनाले १९८८ पासून चालू होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीने ते बंद करीत असल्याचे जाहीर केले आणि वापरणाऱ्यांना आपले काम म्यूझिक-एक्सएमएलमध्ये काढून ठेवण्यास सांगितले. ज्यांनी फक्त फिनालेच्या घरच्या भाषेत लिहून ठेवले होते त्यांची धावपळ झाली.

आपल्या महाविद्यालयातील ज्या मित्रमैत्रिणींच्या घरी आजोबा-आजींच्या वह्या आहेत, त्यांनी पुढील क्रमाने काम करावे असे सुचवतो. आधी पानांचे छायाचित्र घ्यावे. ते लिप्यंतर नव्हे, पण मूळ शाबूत राहते. मग ‘सा’ आणि ‘प’ खालची रेघ व ठेक्याची ओळ पाहून पद्धत ठरवावी. नंतर साध्या देवनागरीत सरगम उतरवून वर राग, ताल, पट्टी, सम कितव्या स्वरावर आणि कोमल-तीव्रासाठी आपण कोणते चिन्ह वापरले, हे शब्दांत लिहावे. त्यानंतर म्यूझिक-एक्सएमएल. ते दुसऱ्या कार्यक्रमात उघडून, तिथून पुन्हा बाहेर काढून पहिल्यात आणावे आणि दोन्ही शेजारी ठेवावीत. स्वर जुळले तरी थांबू नये. मात्रा मोजाव्यात, समेवरचे अक्षर पाहावे आणि तबल्यावर कोणाला तरी ठेका धरायला बसवून, मूळ वही न पाहता, नव्या कागदावरून चीज म्हणून बघावी.