दुचाकीचा डबल स्टँड आणि घरातील मूल

बालरोगतज्ज्ञाने दुचाकीच्या स्टँडवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु दुचाकीमुळे जखमी होऊन माझ्याकडे आलेली सर्वच मुले रस्त्यावरील अपघातांतली नसतात. काही घरासमोर उभ्या असलेल्या गाडीखाली सापडलेली असतात. आपल्या इंदूरच्या जुन्या वस्त्यांत गाडी ओट्याला खेटून उभी राहते आणि मुलांचे खेळण्याचे अंगणही तेच असते.

साध्या मोटारसायकलचे वजन सुमारे ११० ते १२० किलो. तीन वर्षांच्या मुलाचे सुमारे १४ किलो. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली राहते आणि जमीन मऊ असेल तर स्टँड रुततो. डबल स्टँडवर ती दोन पाय व एक चाक यांच्या आधाराने सरळ उभी राहते. म्हणून घरी तोच बरा. मात्र गाडी मागे ओढली की या स्टँडवर चढते आणि पुढे ढकलली की उतरते. टाकीवर बसून ‘घोडा घोडा’ खेळणारे मूल नेमके पुढेच झोके घेते. खेळाची दिशा आणि स्टँड सुटण्याची दिशा एकच आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे व उभ्या गाडीवर मुलाला एकटे बसवू नये.

गाडी लावण्याची रीत अशी: जागा सपाट व कठीण असावी, इंजिन बंद असावे आणि मूल सीटवर किंवा जवळपास नसावे. डावीकडे उभे राहून डाव्या हाताने हँडल सरळ धरावे व उजव्या हाताने सीटजवळची दांडी. उजव्या पायाने स्टँड दाबून त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याची खात्री करावी. मग शरीराचा भार त्या पायावर द्यावा. कंबरेच्या जोरावर गाडी उचलू नये. पायांत चपलेऐवजी बूट असावेत. पावसाळ्यात ओल्या मातीवर सपाट फरशी ठेवावी. उतारावर डबल स्टँड टाळावा. उतरविताना गाडी हळूच पुढे घेऊन ब्रेक दाबावा.

स्टँडवर अधांतरी असलेल्या मागच्या चाकाचा धोका निराळा. चालू स्कूटरची मूठ मुलाने पिळली, तर ती स्टँडवरून सुटून धावू शकते. म्हणून किल्ली गाडीला कधीही राहू देऊ नये. इंजिन चालू ठेवून साखळी पुसू नये. साखळी व दातेरी चक्रात सापडलेले लहान बोट क्षणात तुटते.

गाडी अंगावर पडलेले मूल हसताना दिसले, तरी निर्धास्त राहू नये. हँडलचे टोक पोटावर आदळले, तर बाहेर लहानसा वळ आणि आत यकृत, प्लीहा वा स्वादुपिंडाला इजा, असे होऊ शकते. लक्षणे काही तासांनीही दिसतात. पोटदुखी, उलट्या, फिकेपणा किंवा लघवीत रक्त आढळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. सायलेन्सरने भाजल्यास २० मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट वा हळद लावू नये. तुटलेले बोट स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये.

व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की लसीकरणासाठी आलेल्या पालकांना औषधे कुलपात ठेवण्यास सांगताना, गाडीची किल्ली आणि स्टँड यांविषयीही एक वाक्य सांगावे.